पी अँड आय क्लब: जहाजमालक आणि चार्टरर यांच्या परस्पर विम्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कचेरीत परदेशी पी अँड आय क्लबांच्या वतीने दाव्यांचं काम पाहतो. या कामात माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटतात: मरीन कॉलेजातली मुलं, वाशीच्या बाजारातले कडधान्याचे आयातदार, गोव्याकडचे बार्जमालक आणि रत्नागिरी-रायगडहून आलेले बोटीवरच्या माणसांचे नातेवाईक. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात. मराठीत त्यांची उत्तरं सलग कुठे लिहिलेली मला सापडली नाहीत, म्हणून ही खटपट. शब्द मुद्दाम रोजच्या वापरातलेच ठेवले आहेत. ‘क्लब’, ‘कॉल’, ‘चार्टरर’ (जहाज भाड्याने घेणारा) यांना ओढूनताणून मराठी प्रतिशब्द दिले, तर गोदीत ते कुणालाच कळणार नाहीत.

पी अँड आय क्लब म्हणजे काय?

जहाजमालकांनी एकत्र येऊन काढलेली आणि एकमेकांच्या देण्यांचा भार वाटून घेणारी संस्था. ‘पी’ म्हणजे प्रोटेक्शन, ‘आय’ म्हणजे इंडेम्निटी. जहाज चालवताना दुसऱ्याचं नुकसान होतं. माल भिजतो, खलाशी जखमी होतो, तेल सांडतं, धक्क्याचा कठडा तुटतो. त्याची भरपाई मालकाच्या गळ्यात पडते. ती देता यावी म्हणून हा विमा. जहाजाच्या स्वतःच्या पत्र्याचा आणि इंजिनाचा विमा वेगळा. त्याला हल अँड मशिनरी म्हणतात आणि तो नेहमीच्या विमा बाजारातून घेतला जातो.

आपल्याकडे सहकार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. साखर कारखान्याचा सभासद कारखान्याला ऊस घालतो आणि कारखान्याचा मालकही तोच असतो. क्लबाचं तसंच आहे: विमा उतरवणारे आणि विमा देणारे एकच. भागधारक नाहीत, लाभांश नाही. संचालक मंडळावर जहाजमालकच बसतात आणि रोजचं काम पगारी मॅनेजर पाहतात. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली, तर पुढची बरीच उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील. क्लब दाव्याची इतकी चौकशी का करतो? कारण एका सभासदाच्या हलगर्जीचे पैसे बाकीच्या सभासदांच्या खिशातून जातात.

प्रीमियम कसा ठरतो? ‘कॉल’ म्हणजे काय?

जहाजाचं ग्रॉस टनेज (आकारमानाचं माप), जहाजाचा प्रकार, वय, ते कुठे फिरतं आणि मालकाच्या मागच्या काही वर्षांच्या दाव्यांचा इतिहास पाहून दर टनामागे दर ठरतो. वर्षाच्या सुरुवातीला मागतात तो ॲडव्हान्स कॉल. वर्षभरात दावे अंदाजापेक्षा जास्त आले आणि गंगाजळीतून भागेना, तर क्लब सभासदांकडे आणखी पैसे मागतो. तो सप्लिमेंटरी कॉल.

आकड्यात सांगतो. समजा ३०,००० टनांचं जहाज आहे आणि दर टनाला ३ डॉलर. म्हणजे ९०,००० डॉलर. दोन वर्षांनी क्लबाने त्या वर्षासाठी २० टक्के सप्लिमेंटरी मागितला, तर आणखी १८,००० डॉलर भरावे लागतील, मग त्या वर्षी तुमच्या जहाजावर एकही दावा आलेला नसला तरी. नवीन मालकांना हे पहिल्यांदा सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. पण परस्पर विमा म्हणायचं आणि दुसऱ्याचा भार नको म्हणायचं, हे दोन्ही एकदम जमत नाही. विम्याचं वर्ष साधारण तीनेक वर्षं ‘उघडं’ ठेवतात, हिशेब पुरा झाला की बंद करतात. त्यानंतर त्या वर्षासाठी काही मागता येत नाही.

ज्यांना ही अनिश्चितता नको असते, ते फिक्स्ड प्रीमियमवर विमा घेतात: ठरलेली रक्कम एकदा भरली की पुढे मागणी नाही. छोटी जहाजं आणि बहुतेक चार्टरर याच वाटेने जातात.

ही पद्धत सुरू कशी झाली?

इंग्लंडमध्ये १७२० च्या कायद्याने सागरी विम्याचा मक्ता दोनच कंपन्यांना दिला. त्यांच्याशिवाय लॉइड्स या लंडनच्या विमा बाजारात बसणारे एकेकटे विमेदार होते. लंडनबाहेरच्या जहाजमालकांना हे महाग पडे, म्हणून त्यांनी बंदराबंदरांत आपापसात मंडळं काढली आणि जहाजांचा विमा एकमेकांत वाटून घेतला. १८२४ मध्ये मक्ता संपला, विमा स्वस्त झाला आणि ही मंडळं मागे पडली.

त्यांना नवं काम दिलं कोर्टाने. १८३६ मध्ये इंग्रजी कोर्टाने निकाल दिला, की टकरीत समोरच्या जहाजाचं झालेलं नुकसान नेहमीच्या सागरी पॉलिसीत बसत नाही. मग विमेदारांनी टकरीच्या देण्याचा तीन चतुर्थांश भाग पॉलिसीत घेतला आणि एक चतुर्थांश मालकावर ठेवला, म्हणजे मालक सावध राहील. पुढे १८४६ च्या कायद्याने अपघातात मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला भरपाई मागायचा हक्क मिळाला. तो काळ माणसं भरभरून अमेरिका-ऑस्ट्रेलियाला नेण्याचा. एखादं जहाज बुडालं तर मालकाचं दिवाळं ठरलेलं. या उरलेल्या देण्यांसाठी १ मे १८५५ रोजी पहिला प्रोटेक्शन क्लब सुरू झाला. आजचा ब्रिटानिया क्लब तो हाच.

इंडेम्निटी नंतर आली. १८७० मध्ये ‘वेस्टनहोप’ नावाचं जहाज केपटाउनचा माल न उतरवता पोर्ट एलिझाबेथकडे पुढे गेलं आणि परतताना बुडालं. वाट सोडल्यामुळे बिल ऑफ लेडिंगमधलं (जहाजाने माल घेतल्याच्या कागदातलं) संरक्षण गेलं आणि मालाची सगळी किंमत मालकावर आली. १८७४ पासून मालाच्या दाव्यांसाठी इंडेम्निटीचं कलम आलं. दोन्ही नावं जोडून राहिली ती आजतागायत.

आज असे क्लब किती आहेत?

इंटरनॅशनल ग्रुप (आयजी) या संघात १२ क्लब आहेत. आधी १३ होते, फेब्रुवारी २०२३ मध्ये दोघांचं विलीनीकरण होऊन नॉर्थस्टँडर्ड झाला. बहुतेकांची मुळं इंग्लंड आणि नॉर्वे-स्वीडनमध्ये, एक जपानी, एक अमेरिकन. जगातल्या समुद्रावर फिरणाऱ्या टनेजपैकी सुमारे ९० टक्क्यांची देणी या बारांकडे आहेत. ग्रुपबाहेरही विमा देणारे आहेत, पण एखादं बंदर किंवा बँक ‘आयजी क्लब’ची अट घालते तेव्हा त्यांना हेच बारा हवे असतात.

क्लब कशाकशाचे पैसे देतो?

यादी लांब आहे. आमच्या कचेरीत सर्वांत जास्त फायली मालाच्या नुकसानीच्या आणि बोटीवरच्या माणसांच्या असतात: आजारपण, अपघात, मृत्यू, घरी परत पाठवण्याचा खर्च. त्याखेरीज चोरून चढलेले प्रवासी, समुद्रात वाचवलेल्या माणसांना उतरवण्याचा खर्च, धक्का-क्रेन-बोया यांचं नुकसान, टकरीतला उरलेला चौथा हिस्सा, तेलगळती, बुडालेल्या जहाजाचा सांगाडा काढणं, कस्टमचे आणि इमिग्रेशनचे काही दंड. तेलगळतीसाठी ग्रुपच्या क्लबांची मर्यादा दर घटनेला १०० कोटी डॉलर आहे.

नियमावलीच्या शेवटी ‘ओम्निबस रूल’ असतो. यादीत नसलेलं पण जहाज चालवण्यातूनच आलेलं एखादं देणं संचालक मंडळ आपल्या मर्जीने मान्य करू शकतं. नेहमीच्या विमा कंपनीत असं कलम सापडणार नाही. जहाजमालकांपुढे जहाजमालकाने आपली अडचण मांडायची, त्यासाठी ही जागा ठेवली आहे.

आणि कशाचे देत नाही?

स्वतःचं जहाज, बुडालेलं भाडं, डेमरेज (जहाज ठरल्यापेक्षा जास्त वेळ अडकवल्याचा आकार), युद्धाची जोखीम: यांचे विमे वेगळे. भाडं-डेमरेजसारख्या भांडणांत कोर्टकचेरीचा खर्च हवा असेल तर त्यासाठी एफडीडी (फ्रेट, डेमरेज अँड डिफेन्स) नावाचं स्वतंत्र कव्हर मिळतं. जाणूनबुजून केलेल्या आगळिकीला अर्थातच काही नाही.

पण मालक आणि चार्टरर दोघेही फसतात ते कागदांत. बिल ऑफ लेडिंग न घेता माल सोडला, मागची तारीख टाकून बिल दिलं, ओल्या मालाला ‘क्लीन’ (शेरा नसलेलं) बिल दिलं, की क्लबाचं कव्हर गेलं. बाजारात असे व्यवहार रोज होतात, हेही खरं. माल बंदरात येतो आणि मूळ बिलं अजून बँकेत अडकलेली असतात. मग चार्टरर लेटर ऑफ इंडेम्निटी (काही झालं तर आम्ही भरू, असं पत्र) देतो आणि मालक माल सोडतो. त्या घडीपासून मालकाच्या पाठीशी क्लब नसतो, फक्त ते पत्र असतं. पत्र देणारा बुडाला तर कागदाचं मोल शून्य. कॅप्टन मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे: मेट्स रिसीटवर (माल चढवल्याच्या पावतीवर) चीफ ऑफिसरने ‘काही पोती ओली, काही फाटलेली’ असा शेरा मारला असेल, तर एजंट कितीही गळ घालो, तो शेरा बिलावर जाऊ द्या. शंका असेल तर रात्री दोन वाजताही क्लबाच्या माणसाला फोन करा. आमची नोकरीच ती आहे.

फार मोठा अपघात झाला तर क्लब बुडत नाही का?

२६ मार्च २०२४ च्या रात्रीचं उदाहरण घ्या. अमेरिकेत बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ‘डाली’ या कंटेनर जहाजाची वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पूल कोसळला. पुलावर रस्त्याचं काम करणारे सहा मजूर गेले. जहाजावर २१ खलाशी होते, त्यांतले २० भारतीय. जहाजाचा क्लब होता ब्रिटानिया, तोच १८५५ चा. माणसांचे मृत्यू, पूल, बंद पडलेलं बंदर, ढिगारा उपसण्याचा खर्च, जहाजावरचा माल: पी अँड आयच्या यादीतलं जवळजवळ प्रत्येक कलम एका रात्रीत उघडलं. नुसत्या सफाईच्या खर्चापोटी अमेरिकी सरकारशी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे १०.२ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि बाकीचे दावे वेगळे.

एकट्या क्लबाला हे झेपणारं नाही, म्हणून भाराचे थर लावले आहेत. पहिला थर त्या क्लबाचा स्वतःचा. २०१६ मध्ये तो १ कोटी डॉलरवर नेला. त्याच्या वरचं, साधारण १० कोटी डॉलरपर्यंतचं, ‘पूल’ या सामायिक व्यवस्थेत जातं, म्हणजे बाराही क्लब आपापल्या हिश्शाने भरतात. जपानी मालकाच्या जहाजाने धक्का तोडला, तर नॉर्वेच्या मालकाच्या वर्गणीतून त्याचा अंश जातो. त्याच्याही वर जगभरच्या पुनर्विमा बाजारातून ग्रुपने एकत्र घेतलेलं कव्हर असतं, ते ३०० कोटी डॉलरच्या आसपास पोचतं. तेही ओलांडलं, तर ‘ओव्हरस्पिल’ कॉल लावून जगातल्या सगळ्या सभासदांकडून पैसे गोळा करायचे. तशी पाळी आजवर आलेली नाही.

दुसऱ्या बाजूने, जहाजाच्या टनेजवरून देण्याला मर्यादा घालायचा हक्क मालकाला आंतरराष्ट्रीय करारांनी दिलेला आहे. आपल्याकडेही तो चालतो. अमेरिका या करारात नाही, तिचा कायदा जुना आहे. ‘डाली’च्या मालकांनी त्याखाली आपलं देणं सुमारे ४.३७ कोटी डॉलरवर रोखावं म्हणून अर्ज केला. अशी मर्यादा पीडितांना अन्यायाची वाटते आणि त्यांचं वाटणं मला समजतं. पण मर्यादाच नसती तर इतक्या मोठ्या जोखमीचा विमा उतरवायला कुणी पुढे आलं नसतं, हेही तितकंच खरं आहे.

चार्टररचं जहाज नसतं. मग त्याला विमा कशाला?

हा प्रश्न वाशीतल्या एका आयातदाराने मला विचारला होता, पहिल्यांदाच पूर्ण जहाज भाड्याने घेतल्यावर. उत्तर त्याला पटलं, पण उशिरा.

टाइम चार्टरर जहाज खलाशांसकट काही महिन्यांसाठी घेतो. कुठे जायचं, काय भरायचं, कोणतं इंधन घ्यायचं हे तो ठरवतो. ठरवणाऱ्यावर जबाबदारी येतेच. २०२२ च्या सुरुवातीला सिंगापूरला सुमारे २०० जहाजांना दूषित बंकर (जहाजाचं इंधन) मिळालं आणि कित्येकांची इंजिनं बिघडली. टाइम चार्टरमध्ये बंकर चार्टरर भरतो, तेव्हा मालक पहिला त्याच्याकडेच बोट दाखवणार. घातक माल न सांगता भरला, तरी तेच. ‘सीएमए जकार्ता’ जहाजावर १९९९ मध्ये ब्लीचिंग पावडरच्या कंटेनरांमुळे स्फोट झाला आणि जहाजाचं मोठं नुकसान झालं. २००४ मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने सांगितलं, की मालकाच्या जहाजाच्या नुकसानीपुरतं चार्टररला देण्याची मर्यादा लावता येणार नाही.

असुरक्षित बंदराचाही मामला असतो. ‘ओशन व्हिक्टरी’ हे मोठं बल्क कॅरिअर (सुटा माल नेणारं जहाज) ऑक्टोबर २००६ मध्ये जपानच्या काशिमा बंदरातून वादळात बाहेर पडताना फुटलं. वाद दहा वर्षांवर चालला. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते बंदर असुरक्षित नव्हतं असं ठरवलं आणि चार्टरर सुटला. सुटला खरा, पण इतकी वर्षं वकिलांचं बिल कुणी भरलं असतं, विमा नसता तर?

म्हणून चार्टररच्या कव्हरमध्ये दोन भाग असतात: तिसऱ्या माणसाची देणी, आणि भाड्याने घेतलेल्या जहाजाच्या नुकसानीची देणी. दुसरा भाग घेतला आहे की नाही हे आधी तपासा. ‘मालकाच्या विम्यात माझं नाव घातलंय’ यावर विसंबू नका. तसं नाव घातल्याने मालकाची जी देणी चुकून तुमच्यावर आली तेवढीच झाकली जातात, तुमची स्वतःची नाहीत. बेअरबोट चार्टर मात्र निराळं. तिथे खलाशीही भाडेकरूच ठेवतो आणि विम्यासाठी तो मालकासारखाच धरला जातो.

माल खराब झाला तर मालक भरतो की चार्टरर?

काही वर्षांपूर्वी मुंबई बंदरात पिवळ्या वाटाण्याचं जहाज लागलं होतं. हॅच (मालाच्या कप्प्याचं तोंड) उघडल्यावर खाली वाटाणा पिवळाधमक, पण हॅच कव्हरच्या सांध्याखाली हातभर रुंदीचा पट्टा काळपट, बुरशी धरलेला. वरून दाबला तर पापडासारखा मोडे, आणि वास आंबट. जहाजाचा माणूस म्हणे, माल भरतानाच पाऊस लागला. चार्टररचा माणूस म्हणे, समुद्राचं पाणी आत आलं.

सर्व्हेअर खाली उतरला. मूठभर वाटाणा त्याने बाटलीत घातला, त्यावर डिस्टिल्ड पाणी, आणि ड्रॉपरने सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. पाणी दुधासारखं पांढरं झालं. म्हणजे क्लोराइड, म्हणजे समुद्राचं पाणी. पावसाचं असतं तर पाणी जवळपास तसंच राहिलं असतं. मग हॅच कव्हरचं रबर पाहिलं. ते एका कोपऱ्यात चेपून कडक झालेलं. त्या दोन थेंबांनी कोणत्या क्लबाने पैसे भरायचे ते ठरलं.

ते कसं? टाइम चार्टरमध्ये मालाच्या दाव्याची वाटणी करायला क्लबांनी १९७० मध्ये आपसात इंटर-क्लब ॲग्रीमेंट केलं. १९९६ च्या आवृत्तीवर आज बहुतेक व्यवहार चालतात, २०११ मध्ये त्यात थोडी भर पडली. त्याचा गाभा सोपा आहे. जहाज समुद्रात जायला लायक नसल्याने नुकसान झालं, तर शंभर टक्के मालकाचं. भरणं, रचणं, उतरवणं यातल्या चुकीमुळे झालं, तर शंभर टक्के चार्टररचं, पण करारात कॅप्टनच्या देखरेखीबरोबर ‘जबाबदारी’ हा शब्द घातलेला असेल तर अर्धं-अर्धं. उतरवताना माल कमी निघाला किंवा दुसऱ्या बंदरी गेला तरी अर्धं-अर्धं. चूक कुणाची हे एकदा ठरलं, की बाकीचं गणित दहा मिनिटांचं असतं. मला हा करार फार आवडतो. एकमेकांविरुद्ध उभ्या राहणाऱ्या संस्थांनी वर्षानुवर्षांची भांडणं थोडक्या पानांत आटोपली आहेत.

‘आधी भरा, मग मागा’ हा नियम काय आहे?

सभासदाने दावेदाराला आधी स्वतः पैसे द्यायचे आणि मग क्लबाकडून वसूल करायचे. नियमावलीत तसं लिहिलेलं असतं. १९९० मध्ये ‘फँटी’ आणि ‘पाद्रे आयलंड’ या दोन जहाजांच्या खटल्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सने हा नियम कायम ठेवला. दिवाळं निघालेल्या मालकाच्या क्लबावर माल गमावलेल्यांना थेट दावा लावता येईना. व्यवहारात चांगला सभासद असेल तर क्लबच पैसे पाठवतो, हा प्रश्न येतो तो मालक बुडाल्यावर. मृत्यू आणि दुखापतीच्या दाव्यांना इंग्लंडच्या नव्या कायद्याने यातून वगळलं आहे, ते बरंच झालं. ज्याचा मुलगा गेला त्याला ‘आधी तुमच्या मालकाने भरू दे’ असं सांगणं माणुसकीला धरून नाही.

जहाज अटक होतं म्हणजे काय? क्लब तिथे काय करतो?

२०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयासह आठ उच्च न्यायालयांना जहाज अडकवून ठेवायचा अधिकार आहे. जहाज दिवसाला हजारो डॉलर खातं, म्हणून मालकाला ते लगेच सोडवायचं असतं. तेव्हा क्लब लेटर ऑफ अंडरटेकिंग देतो: कोर्टाने निकाल दिला तर एवढ्या रकमेपर्यंत आम्ही भरू. दावेदार राजी असेल तर त्या एका कागदावर जहाज सुटतं. तो राजी नसेल तर बँक गॅरंटी किंवा रोख.

याच कायद्याने क्लबाचे थकलेले कॉलही सागरी दावा मानले आहेत. म्हणजे वर्गणी बुडवणाऱ्या सभासदाचं जहाज क्लबालाही अडकवता येतं.

आपल्या किनाऱ्यावर याचा काय संबंध?

फार जवळचा. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर चॅनेलमध्ये तरंगत राहिले, मुंबई आणि न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक थांबली. उरण-अलिबागच्या किनाऱ्यांवर डांबरासारखा थर आला आणि मुंबईत लोकांनी मासे खाणं सोडलं. कोळीवाड्यांतल्या बायकांच्या पाट्या भरलेल्याच परत जायच्या. लगेच पुढच्या वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, दहेजकडे चाललेलं ‘आरएके कॅरिअर’ ६०,००० टन कोळशासकट मुंबईपासून काही मैलांवर बुडालं. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या प्रकरणी १०० कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई ठरवली.

गोव्यात कांदोळी-सिंकेरीच्या किनाऱ्यावर २००० च्या जूनमध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ रुतलं, ते दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच गंजत पडून होतं. किनाऱ्याची वाळू वाहून गेली, हॉटेलवाल्यांचा धंदा गेला. सांगाडा काढण्याच्या विम्याचं महत्त्व यापेक्षा चांगलं कुणाला समजावता येणार नाही.

भारताने २०१२ च्या नियमांनी आपल्या बंदरांत येणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना सागरी दाव्यांचा विमा सक्तीचा केला. सांगाडे काढण्याचा नैरोबी करारही आपण मान्य केला आहे. क्लब ‘ब्लू कार्ड’ देतो, त्यावरून जहाजाच्या ध्वजाचा देश प्रमाणपत्र देतो, आणि ते नसेल तर बंदरात प्रवेश नाही. तरीही भांडणं मिटत नाहीत. २५ मे २०२५ ला केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं. राज्य सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि त्याच समूहाचं दुसरं जहाज विळिंजममध्ये अडकवलं गेलं.

विम्याचं वर्ष २० फेब्रुवारीलाच का सुरू होतं?

थंडीत बाल्टिक समुद्र गोठतो. जुन्या काळी इंग्लंडच्या उत्तरेकडची जहाजं फेब्रुवारीच्या अखेरीस बर्फ फुटायच्या सुमाराला पुन्हा निघत. मुदत तेव्हापासून धरली ती तशीच राहिली: २० फेब्रुवारी, ग्रीनविचच्या दुपारी बारा. आमच्या कचेरीत त्या आठवड्यात कुणी रजा मागत नाही.

क्लब बदलता येतो का?

येतो, वर्ष संपताना. उघड्या वर्षांच्या भविष्यातल्या कॉलमधून सुटण्यासाठी रिलीज कॉल भरावा लागतो. ग्रुपमधल्या क्लबांचा आपसात करार आहे, की पहिल्या वर्षी जुन्या क्लबापेक्षा स्वस्त दर देऊन सभासद ओढायचा नाही. म्हणून नुसत्या स्वस्ताईसाठी बदलायचा विचार असेल तर हाती फार काही लागत नाही. सेवा वाईट असेल, तर जरूर बदला.

भारताचा स्वतःचा क्लब का नाही?

चर्चा बरीच वर्षं चालू आहे आणि आता सरकारी पातळीवरही होते. माझं मत विचाराल तर व्हावा. पण क्लबाची ताकद गंगाजळीत आणि पूलमध्ये असते. थोडीच जहाजं घेऊन सुरू केलं आणि पहिल्याच वर्षी एक मोठी तेलगळती झाली, तर उरलेल्या सभासदांना ती उचलवणार नाही. आधी टनेज, मग क्लब, असा क्रम मला दिसतो.

आमच्या घरचं माणूस बोटीवर आहे. आम्ही काय लक्षात ठेवावं?

माझ्याकडे येणाऱ्यांत हा प्रश्न सर्वांत उशिरा विचारला जातो, बहुतेक वेळा काहीतरी घडून गेल्यावर. दोनेक वर्षांपूर्वी राजापूरकडचे एक काका आले होते. मुलगा आखातात एका जहाजावर, पाच महिने पगार नाही, अन्न संपत आलेलं, मालक फोन उचलत नव्हता. त्यांच्याकडे एजंटाचं कार्ड होतं, जहाजाचं नाव होतं, पण विमा कुणाचा ते ठाऊक नव्हतं. ते शोधण्यातच आमचे सहा दिवस गेले.

जानेवारी २०१७ पासून मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनखाली मालकाला दोन आर्थिक हमी घ्याव्या लागतात. एक, खलाशी वाऱ्यावर सोडला गेला तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, अन्नपाणी आणि घरी येण्याचा खर्च. दोन, कामामुळे मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर करारातली भरपाई. दोन महिन्यांचा पगार थकला की माणूस सोडून दिलेला धरतात, वर्षभर वाट पाहायची गरज नाही. आणि इथे ‘आधी मालकाने भरू दे’ लागू नाही. खलाशी किंवा त्याचे वारस हमी देणाऱ्या क्लबाशी थेट बोलू शकतात.

मेडिकलमध्ये जुना आजार लपवू नका, पुढे दावा अडतो तो बहुतेक तिथेच. कराराची प्रत घरी ठेवा. कुठल्याही ‘फुल अँड फायनल’ कागदावर घाईत सही करू नका, मृत्यूच्या प्रकरणात तर नाहीच. आणि त्या दोन्ही हमींची प्रमाणपत्रं जहाजावर सगळ्यांना दिसतील अशा जागी लावलेली असतात, बहुधा मेसरूमजवळच्या (जेवणाच्या खोलीजवळच्या) फलकावर. विमा देणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर त्यावर असतो. बोटीवर चढल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोटो काढून घरी व्हॉट्सॲप करायला सांगा.